ओठ आपले, आवाज कोणाचा?



गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाची रंगीत तालीम चालू होती. सहावीच्या मुलांची नाटिका होती आणि तिच्यात चार गाणी होती. गाणी बाहेरून रेकॉर्ड करून आणलेली. मुले ओठ हलवत होती, हातवारे करत होती, सगळे अगदी ठाकठीक. एका गाण्यात ‘पाचोळा’ हा शब्द चार वेळा येत होता. तालीम संपल्यावर आम्ही सहज विचारले, “पाचोळा म्हणजे काय रे?” थोडा वेळ कोणी बोलेना. मग एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, “पाच ओळी!” बाकीच्यांनी लगेच माना डोलावल्या.

त्या वेळी आम्ही हसलो. पण घरी गेल्यावर हसू टिकले नाही. महिनाभर मुलांच्या ओठांवर तो शब्द होता, पण तो त्यांच्या तोंडात एकदाही आला नव्हता. रेकॉर्ड लावायला होकार आम्हीच दिला होता, म्हणून दोषही आमचाच.

या वर्षी तोच प्रश्न पुन्हा समोर आहे. नाटिकेतील गाणी रेकॉर्डवर ठेवायची की मुलांनी स्वतः गायची? मंडळाच्या पुढच्या बैठकीत याचा निर्णय होईल. त्याआधी आपण सर्वांनी मिळून एका विषयाचा अभ्यास करावा असे आम्हाला वाटते. तो विषय म्हणजे गाणारे नट. अभिनय आणि गायन ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली तर काय होते, आणि ती वेगळी झाली तेव्हा काय झाले, हे आपल्या रंगभूमीच्या आणि चित्रपटाच्या इतिहासात स्वच्छ दिसते.

नटाला गळा हवाच

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. मराठी संगीत नाटकाचे युग तिथून सुरू झाले असे मानतात. त्याआधीच्या नाटकांत गाण्याचा मुख्य भार सूत्रधारावर असे. किर्लोस्करांनी पदे पात्रांच्याच तोंडी दिली. दुष्यंताचे पद दुष्यंताने म्हणायचे आणि शकुंतलेचे पद शकुंतलेने. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही, पण या एका बदलामुळे नट निवडण्याची कसोटीच बदलली. रूप हवे, बोलणे हवे आणि गळाही हवा.

असा गळा शोधताना किर्लोस्करांना भाऊराव कोल्हटकर मिळाले, ते बडोद्याचे. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. भाऊरावांची शकुंतला आणि सुभद्रा पाहायला आणि ऐकायला लोक दुरून येत. पुढे नारायण श्रीपाद राजहंस आले, म्हणजेच बालगंधर्व. ‘बालगंधर्व’ हे नाव त्यांना लोकमान्य टिळकांनी दिले असे सांगतात. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत गेले आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही मंडळी केवळ देणगीच्या गळ्यावर उभी नव्हती. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांचे संगीत होते आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांचे. बखलेबुवा हे मोठे ख्यालगायक आणि बालगंधर्वांचे गुरू. म्हणजे नाटकातले पद गाण्यासाठी नटाला रागदारीची तालीम घ्यावी लागे, आणि ती तालीम रंगमंचावर नेताना भूमिका सुटू द्यायची नसे. मैफलीत गवई स्वतःच्या नावाने गातो. नाटकात भामिनी गाते, रुक्मिणी गाते. तान कितीही सुंदर असली तरी ती त्या पात्राची वाटली पाहिजे, ही खरी परीक्षा.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोघे दोन वेगळ्या कंपन्यांचे मालक आणि तिकीटबारीवरचे प्रतिस्पर्धी. तरीही एका कार्यासाठी एका रंगमंचावर उभे राहून दोघे गायले. तीनच महिन्यांनी केशवराव वारले. त्या प्रयोगाची आठवण मराठी घरांत आजही निघते.

पुढे स्त्रियाही रंगभूमीवर आल्या. गोव्यात जन्मलेल्या ज्योत्स्ना भोळे १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त उभ्या राहिल्या आणि १९४२ मध्ये ‘कुलवधू’ त्यांच्या अभिनयाने आणि गाण्याने गाजले.

झाडामागचे वादक

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट लागला. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात हरिश्चंद्राचे काम गोविंदराव टेंबे यांनी केले आणि संगीतही त्यांनीच दिले. तारामती झालेल्या दुर्गा खोटे यांनी आपली गाणी आपणच म्हटली.

असे का होते? कारण दुसरी सोय नव्हती. चित्र आणि आवाज एकाच वेळी टिपले जात. नट कॅमेऱ्यासमोर गाई आणि साथीदार कॅमेऱ्याच्या नजरेआड, कुठे पडद्याआड तर कुठे झाडामागे, बसून वाजवत. मधेच कोणी शिंकले किंवा नट शब्द चुकला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. ज्याला गाता येत नाही त्याला नायकाचे काम मिळणे अवघड होते.

या काळातच विष्णुपंत पागनीस यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आला. पागनीस आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आणि त्यांना भजनाचे अंग होते. पडद्यावर ते अभंग म्हणतात तेव्हा हा नट आहे की गायक, हा विचारच मनात येत नाही. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मराठी न कळणाऱ्यांनाही तो भिडला. गाणे आणि माणूस एकच आहे हे समजायला भाषा लागत नाही, असे आम्हाला वाटते.

आवाज वेगळा झाला

१९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी ‘धूप छाँव’ हा चित्रपट केला. त्याचे संगीत रायचंद बोराल यांचे. हिंदी चित्रपटात पार्श्वगायनाची पद्धत तिथून सुरू झाली. गाणे आधी ध्वनिमुद्रित करायचे, चित्रीकरणाच्या वेळी ते मोठ्याने लावायचे, आणि नटाने त्यावर ओठ हलवायचे. आपल्या स्नेहसंमेलनात आपण हेच करतो.

या पद्धतीचे फायदे खरे होते, ते नाकारू नयेत. नट नाचत, धावत असला तरी गाण्याचा श्वास तुटत नव्हता. गायक माइकजवळ हळुवार गाऊ शकत होता. ज्यांना उत्तम अभिनय येत होता पण गाणे येत नव्हते अशांना पडदा मोकळा झाला. आणि ज्यांच्याकडे थोर गळा होता त्यांना चेहऱ्याला रंग लावल्यावाचून गाता आले.

तरी गाणारे नट एका दिवसात नाहीसे झाले नाहीत. त्याच १९३५ मध्ये, त्याच न्यू थिएटर्सच्या हिंदी ‘देवदास’मध्ये कुंदनलाल सैगल स्वतः गायले. जम्मूत जन्मलेल्या सैगलांनी काही काळ टाइपरायटर विकण्याची नोकरी केली होती. १९४६ च्या ‘अनमोल घड़ी’त सुरेंद्र, नूरजहाँ आणि सुरैया हे तिन्ही प्रमुख कलाकार आपापली गाणी स्वतः गायले. सुरैया तर १९५४ च्या ‘मिर्ज़ा ग़ालिब’पर्यंत पडद्यावर स्वतःच्या गळ्याने गज़ल गात होत्या. पण मग हळूहळू वाटा वेगळ्या झाल्या. नट एक, गायक दुसरा, हाच नियम ठरला.

इंदूरची मुलगी, खांडव्याचा मुलगा

आपल्या भागाशी जोडलेली दोन माणसे या गोष्टीत फार मोठी आहेत. गंमत म्हणजे दोघांचा जन्म एकाच वर्षी झाला.

२८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात लता मंगेशकर जन्मल्या. वडील मास्टर दीनानाथ हे गाणारे नट, बलवंत संगीत मंडळीचे एक संस्थापक. म्हणजे अभिनय आणि गाणे एकत्र असलेल्या घरातच ही मुलगी वाढली. एप्रिल १९४२ मध्ये दीनानाथ वारले तेव्हा लताबाईंना तेरावे वर्ष चालू होते. घर चालवण्यासाठी त्यांनी ‘पहिली मंगळागौर’ (१९४२), ‘गजाभाऊ’ (१९४४) अशा मराठी चित्रपटांत कामे केली. म्हणजे त्यांचीही सुरुवात गाणारी नटी म्हणूनच झाली. पण अभिनयात त्यांचे मन रमले नाही, आणि पार्श्वगायनाची वाट मोकळी असल्यामुळे त्यांना केवळ गाता आले.

त्यांची एक आठवण आम्हाला फार मोलाची वाटते. त्या नवीन असताना लोकलच्या प्रवासात दिलीपकुमार यांची भेट झाली. ही मुलगी मराठी आहे असे कळल्यावर ते म्हणाले की मराठी माणसाच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो. लताबाईंना ते लागले. पण रुसून न बसता त्यांनी उर्दू शिकवायला शिक्षक ठेवले आणि उच्चार शिकून घेतले. स्वतः पडद्यावर न दिसणारी गायिका एकेका अक्षरासाठी एवढे कष्ट घेते. मग जो रंगमंचावर प्रत्यक्ष उभा आहे त्याला शब्दाचा अर्थ माहीत नसून कसे चालेल?

दुसरे किशोरकुमार. ४ ऑगस्ट १९२९ रोजी खांडव्यात जन्म, खरे नाव आभासकुमार गांगुली, आणि शिक्षण आपल्या इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात. कॉलेजच्या कँटीनमध्ये त्यांची उधारी राहिली होती आणि पुढे ‘चलती का नाम गाड़ी’च्या एका गाण्यात तिचा हिशोब आला, ही गोष्ट इंदूरकर मोठ्या आवडीने सांगतात. मोठे बंधू अशोककुमार यांच्या ओळखीने ते चित्रपटात आले आणि १९४८ च्या ‘ज़िद्दी’त देव आनंदसाठी गायले. शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम नव्हती. सुरुवातीला सैगलांच्या ढंगाची छाप होती. ती मागे टाकून त्यांनी स्वतःचा आवाज शोधला. १९६२ च्या ‘हाफ टिकट’मध्ये एका द्वंद्वगीतात पुरुषाचा आणि स्त्रीचा असे दोन्ही आवाज त्यांनीच काढले. हे केवळ गळ्याचे काम नाही, त्यात नटाचाही वाटा आहे. १९६९ च्या ‘आराधना’नंतर ते मुख्यतः इतरांसाठी गाऊ लागले, तरी त्यांच्या गाण्यात हसणे, अडखळणे, लाडिकपणा हे सगळे नटाचेच राहिले. पार्श्वगायनाचे आठ फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाले.

आणि आता त्यांच्याविषयीची एक गोष्ट, जी आपल्या वादात उपयोगी पडेल. १९५८ च्या ‘रागिनी’त किशोरकुमार नायक होते. तिथे एका शास्त्रीय ढंगाच्या गाण्याला पडद्यावर ओठ किशोरकुमारांचे आणि आवाज मोहम्मद रफ़ी यांचा आहे. एवढ्या मोठ्या गायकानेही दुसऱ्याचा आवाज घेतला. त्यात कमीपणा नव्हता. कोणत्या गाण्याला कोणता गळा हवा याची ती समज होती.

आजचे उदाहरण

मराठीत हा सगळा इतिहास एकाच कलाकृतीत पाहायचा असेल तर ‘कट्यार काळजात घुसली’ पाहावी. १९६७ मध्ये हे नाटक आले. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी. खाँसाहेबांची भूमिका डॉ. वसंतराव देशपांडे यांनी केली. वसंतरावांनी अनेक वर्षे सरकारी हिशेब खात्यात नोकरी करून गाणे सांभाळले होते. त्यांच्या नातवाने, राहुल देशपांडे यांनी, पुढे तीच भूमिका रंगमंचावर गाऊन केली.

२०१५ मध्ये याच नाटकावर चित्रपट निघाला. त्यात पंडितजी झालेले शंकर महादेवन हे मुळात गायक, ते स्वतः गायले आणि अभिनयही केला. खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर, त्यांना मुख्यतः राहुल देशपांडे यांचा आवाज. सदाशिव झाले सुबोध भावे, त्यांना महेश काळे यांचा आवाज. एकाच चित्रपटात दोन्ही पद्धती, आणि दोन्ही चांगल्या. पुढे ‘मी वसंतराव’मध्ये राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका स्वतः केली आणि त्यातील गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मुलांच्या ओळखीचे नाव सांगायचे तर आयुष्मान खुराना. २०१२ च्या ‘विकी डोनर’साठी त्यांना फिल्मफेअरमध्ये पदार्पणाचाही पुरस्कार मिळाला आणि गायनाचाही.

मग आपण काय करावे?

काही विश्वस्तांचे म्हणणे असे की रेकॉर्डमुळे कार्यक्रम देखणा होतो, पाहुण्यांसमोर फजिती होत नाही. काही पालकांची काळजी याहून खरी आहे. ‘आमच्या मुलाचा गळा चांगला नाही. मुलांनीच गायचे ठरले तर त्याला नाटिकेत घेणार का?’ या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही.

आमचे उत्तर असे. मोठ्या चित्रपटातला नट ओठ हलवतो तेव्हा त्याला शब्द आधीच येत असतात. भाषा त्याची असते, फक्त गळा उसना असतो. आपल्या मुलांचे उलट आहे. गळा त्यांच्याकडे आहे, भाषाच निसटत चालली आहे. गल्लीत हिंदी, वर्गात हिंदी-इंग्रजी, मोबाइलवर तेच. मराठी उरली आजीशी फोनवर बोलण्यापुरती. अशा मुलाला गाणे पाठ करून, उच्चारून, अर्थ समजून म्हणायला लावले तर निदान तेवढे चाळीस-पन्नास शब्द त्याचे होतात. रेकॉर्ड लावली तर तेही जातात.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. आजही बोलताना ‘करून राहिलो’ येते आणि तुम्ही सर्व ते मोठ्या मनाने ऐकून घेता. आमची मराठी पुस्तकांतून कमी आणि आईच्या तोंडून जास्त आली. ती स्वयंपाक करताना नाट्यगीते म्हणत असे आणि आम्ही मागून म्हणत असू. चुकीचा शब्द म्हटला की पोळी लाटता लाटता ती तिथेच थांबवून सुधारत असे. रेडिओने आम्हाला कधी थांबवले नाही. आईने थांबवले म्हणून शब्द आला.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. नाचांना रेकॉर्ड राहू द्यावी, कारण नाचताना मुलांना गाता येत नाही. नाटिकेतील चारही गाणी मात्र मुलांनीच म्हणावीत. पेटी आणि तबला रंगमंचाच्या कडेला, सर्वांना दिसेल असा. गाणी समूहात ठेवावीत, म्हणजे बारीक आवाजाचे मूलही सामील होईल. पट्टी मुलांच्या गळ्याला सोसेल ती घ्यावी, पेटीवाल्यांच्या सोयीची नको. ज्या मुलांचा आवाज फुटतो आहे त्यांना वरच्या सुरात ताणू नये. त्यांनी संवाद म्हणावेत, झांज धरावी, निवेदन करावे. आणि एखाद्या भूमिकेला गळा नसेलच, तर शेजारी उभे राहून दुसऱ्या मुलाने गावे. ‘रागिनी’त किशोरकुमारांना चालले, मग आपल्याला का चालू नये? पण तो आवाजही आपल्याच मुलाचा असावा.

एखादा सूर घसरेल, कोणी ओळ विसरेल. पाहुणे हसले तर हसू देत. सभागृहात बसलेल्या आजी-आजोबांना आपल्या नातवंडाचा आवाज ओळखू येईल, हे आम्हाला जास्त मोलाचे वाटते. रेकॉर्डमध्ये तो ओळखू येत नाही, कारण तो तिथे नसतोच.

स्वाध्याय

१. ‘संगीत शाकुंतल’च्या आधी नाटकातील गाण्याचा मुख्य भार कोणावर असे? किर्लोस्करांनी काय बदल केला?

२. सुरुवातीच्या बोलपटांत नटाला स्वतः का गावे लागे? तीन-चार वाक्यांत लिहा.

३. पार्श्वगायनामुळे झालेले दोन फायदे आणि एक तोटा तुमच्या शब्दांत सांगा.

४. लता मंगेशकर यांनी उर्दू का शिकली? तुम्ही कोणत्या भाषेचे उच्चार सुधारू इच्छिता?

५. प्रात्यक्षिक: घरातील वडीलधाऱ्यांकडून एक मराठी गाणे शिका. आधी ते गद्यासारखे मोठ्याने वाचा. न कळलेले शब्द वहीत लिहून त्यांचे अर्थ विचारा. श्वास कुठे घ्यायचा तिथे खूण करा. त्यानंतरच चाल लावा.

६. पालकांसाठी: मुलाने शब्द चुकीचा म्हटला तर रागावू नका, पण सोडूनही देऊ नका. तिथेच थांबवून बरोबर शब्द सांगा.

आणि हो, ‘पाचोळा’ म्हणजे झाडाखाली पडलेली वाळकी पाने. सहावीच्या, म्हणजे आता सातवीत गेलेल्या, त्या मुलांना आम्ही दुसऱ्याच दिवशी शाळेच्या मागच्या पिंपळाखाली नेले होते. त्यावरून चालताना होणारा आवाज त्यांनी ऐकला. तो शब्द आता त्यांच्यापैकी कोणी विसरणार नाही.